बोगद्यातला रेडिओ: सार्वजनिक वाहतुकीसाठी रिपीटर बसवणं आणि सांभाळणं – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मेट्रो, भुयारी रेल्वे आणि बससेवेची रेडिओ यंत्रणा सांभाळणारे तंत्रज्ञ, स्थानक व्यवस्थापक आणि कधी कधी चालकसुद्धा जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीला प्राथमिक प्रश्न आहेत, मग मोजमापाचे, आणि शेवटी भल्याभल्यांना चकवणारे. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. रिपीटर नेमकं काय करतो? बेस स्टेशनपेक्षा तो वेगळा कसा?

बेस स्टेशन नेटवर्कला जोडलेलं असतं. कोणाचं बोलणं कोणाकडे जायचं, हे तिथून पुढे ठरतं. रिपीटरला यातलं काहीच कळत नाही. एका बाजूने आलेला क्षीण सिग्नल तो वाढवतो आणि दुसऱ्या बाजूला सोडतो. उलट दिशेनेही तेच करतो. बेस स्टेशनकडून हँडसेटकडे येणारी दिशा म्हणजे डाउनलिंक, हँडसेटकडून परत जाणारी अपलिंक. स्थानकाच्या छतावरून बेस स्टेशनकडे रोखलेली असते ती डोनर अँटेना. आत फलाटावर किंवा बोगद्यात सिग्नल पसरवते ती सर्व्हिस अँटेना, आणि तिच्या जागी बऱ्याचदा लीकी केबल, म्हणजे लांबीभर सिग्नल झिरपवणारी केबल असते (प्रश्न ६).

डोंगरमाथ्यावरचे जुने रिपीटर एका फ्रिक्वेन्सीवर ऐकतात आणि दुसरीवर बोलतात. इथे आपण ज्यांच्याबद्दल बोलतो आहोत ते ऐकतात त्याच फ्रिक्वेन्सीवर बोलतात. पुढच्या बहुतेक अडचणी याच एका गोष्टीतून जन्मतात.

२. डीबी, डीबीएम यांचं गणित अवघड वाटतं. किमान किती यायला हवं?

डीबी म्हणजे डेसिबल. एवढं पाठ असलं तरी काम भागतं: ३ डीबी वाढ म्हणजे शक्ती दुप्पट, १० डीबी म्हणजे दहापट, २० डीबी म्हणजे शंभरपट. डीबीएम हे एक मिलिवॅटच्या तुलनेतलं माप आहे, म्हणून ० डीबीएम म्हणजे १ मिलिवॅट आणि ३० डीबीएम म्हणजे १ वॅट. वाटेत जे घटतं ते वजा करायचं, जे वाढतं ते मिळवायचं. गुणाकार, भागाकार करावा लागत नाही, यासाठीच हे माप वापरतात.

३. वर रस्त्यावर रेडिओ खणखणीत चालतो, मग जिने उतरलं की लगेच का तुटतो?

माती, काँक्रीट आणि त्यातल्या सळ्या सिग्नल शोषतात आणि परतवतात. एक मजला खाली गेलात की बाहेरचा सिग्नल जवळजवळ संपतो. बोगद्याच्या आत मात्र थोडं वेगळं घडतं. बोगदा एखाद्या नळीसारखा वागतो, आणि ज्या लहरींची लांबी त्या नळीच्या मानाने बरीच लहान असते त्या आत बऱ्यापैकी दूर जातात. १६० मेगाहर्ट्झची लहर सुमारे १.९ मीटर लांब, ४०० मेगाहर्ट्झची ७५ सेंटिमीटर, ९०० मेगाहर्ट्झची साधारण ३३ सेंटिमीटर. म्हणून उघड्यावर लांब पोहोचणारा जुना व्हीएचएफ (१६० मेगाहर्ट्झच्या आसपासचा) संच बोगद्यात लवकर दम तोडतो आणि ४०० किंवा ९०० मेगाहर्ट्झ तिथे बरे चालतात. वळण आलं की सगळ्यांचाच तोटा होतो. त्यातच गाडी उभी राहिली की बोगद्याचा बराचसा भाग धातूने भरतो. नकाशावर सरळ दिसणारा बोगदा गाडीसकट मोजला की निराळाच निघतो.

४. आता प्रत्येकाकडे मोबाइल आहे. एवढा खटाटोप कशासाठी?

मोबाइलवर एक माणूस एका माणसाशी बोलतो. आग लागलेल्या फलाटावर एक आदेश एकाच क्षणी पन्नास जणांच्या कानावर पडायला हवा, आणि गर्दीने नेटवर्क तुडुंब भरलेलं असतानाही पडायला हवा. ते काम गट-रेडिओचं.

१८ नोव्हेंबर १९८७ रोजी लंडनच्या किंग्ज क्रॉस भुयारी स्थानकात आग लागून ३१ जण मृत्युमुखी पडले. त्यानंतरच्या फेनेल चौकशीने जमिनीखालच्या रेडिओ संपर्काकडे लक्ष वेधलं. ७ जुलै २००५ रोजी त्याच शहराच्या भुयारी रेल्वेत बॉम्बस्फोट झाले, तेव्हाही बहुतेक मदत पथकांचे रेडिओ खाली चालत नव्हते आणि निरोप पोहोचवायला माणसं बोगद्यातून धावत होती. २००६ मध्ये लंडन असेंब्लीच्या अहवालाने ही त्रुटी स्पष्ट शब्दांत मांडली. या दोन तारखांमधलं अंतर मला अजून अस्वस्थ करतं. काय करायला हवं ते कळून चुकल्यावरही तब्बल सतरा वर्षं गेली होती.

५. बाजारात रिपीटर सहज मिळतो. आमच्या डेपोपुरता आम्हीच आणून लावला तर?

लावू नका. फ्रिक्वेन्सी वापरण्याचा परवाना ज्याच्याकडे आहे त्याच्या लेखी संमतीशिवाय, आणि देशाच्या रेडिओ नियामकाच्या नियमांबाहेर जाऊन रिपीटर चालवणं बहुतेक सगळीकडे बेकायदा आहे. या नियमामागे ठोस कारण आहे. चुकीचा लावलेला एक स्वस्त रिपीटर अख्ख्या बेस स्टेशनचे कान बधिर करू शकतो (प्रश्न ९). आणखी एक गैरसमज इथेच दूर करू: रिपीटरमुळे सिग्नल पोहोचतो, चॅनेल वाढत नाहीत. गर्दीच्या वेळी चॅनेल मिळत नाही ही तक्रार असेल, तर रिपीटर हे तिचं उत्तर नाही.

६. बोगद्यात अँटेना लावायची की लीकी केबल ओढायची?

लहान, सरळ बोगदा असेल आणि गाड्या कमी असतील, तर दोन्ही तोंडांना आत रोखलेल्या दिशादर्शी अँटेना पुरतात. फलाट, तिकीटघर, जिने यांना छतावरच्या छोट्या अँटेना बऱ्या. लांब किंवा वळणावळणाच्या बोगद्याला लीकी केबलच लागते. या जाड केबलच्या बाहेरच्या तांब्याच्या आवरणात ठरावीक अंतरावर खाचा असतात. त्यांतून सिग्नल थोडा थोडा बाहेर झिरपतो आणि बाहेरचा आत येतो. अँटेनाचा सिग्नल जवळ दणकून असतो आणि लांब मरतुकडा, केबलचा मात्र सगळीकडे जवळपास सारखा मिळतो. गाडी मधे आली तरी केबल तिच्या अंगाला अंग लावूनच धावत असते, त्यामुळे फार बिघडत नाही.

केबल निवडताना दोन आकडे पाहायचे. एक, लांबीमुळे होणारा तोटा, दर १०० मीटरला किती डीबी. दोन, कपलिंग तोटा, म्हणजे केबलमधून बाहेर पडून साधारण २ मीटरवरच्या अँटेनापर्यंत पोहोचताना किती गेलं. हा दुसरा आकडा ५० टक्के जागांसाठी दिला आहे की ९५ टक्के, ते नीट वाचा. विक्रीच्या पत्रकात ५० टक्क्यांचा आकडा जास्त देखणा दिसतो. आराखडा ९५ वर करा.

एक हिशेब करून पाहू. केबलमध्ये दर चॅनेलला ३० डीबीएम सोडले. केबल १,५०० मीटर, तोटा दर १०० मीटरला २ डीबी, म्हणजे शेवटपर्यंत ३० डीबी गेले. कपलिंग तोटा ७० डीबी. स्प्लिटर (सिग्नल फाट्यांत वाटणारा भाग), कनेक्टर, डब्याची भिंत आणि कमरेला लावलेल्या हँडसेटवर पडणारी शरीराची सावली मिळून १५ डीबी धरा. उरले उणे ८५ डीबीएम. हँडसेटला उणे ९५ लागत असतील, तर हाती १० डीबी शिल्लक राहतात. एवढी शिल्लक मी हातची सोडत नाही, कारण केबल जुनी होते, तिच्यावर धूळ आणि ओल बसते, आणि कनेक्टर दर वर्षी थोडंथोडं खातात.

७. लीकी केबल बसवताना सगळ्यात जास्त चुका कुठे होतात?

केबल भिंतीला चिकटवण्यात. खाचांसमोर काँक्रीट किंवा लोखंडी ट्रे आला की सिग्नल तिथेच अडतो. केबल भिंतीपासून काही सेंटिमीटर दूर, उत्पादकाने दिलेल्या अंतराच्या पकडींवर बसवा. खाचांची बाजू कोणती हे दाखवायला आवरणावर उंचवटा किंवा रेघ असते, ती जशी सांगितली आहे तशीच वळवून ठेवा. ओढताना केबल पिळली गेली की ही दिशा शंभर-दोनशे मीटरवर हळूहळू भरकटते आणि कोणाच्या लक्षात येत नाही. म्हणून दर काही पकडींनंतर एकाने मागे राहून रेघ तपासायची. हे काम कंटाळवाणं आहे, पण त्याला पर्याय नाही.

उंची शक्यतो डब्याच्या खिडकीच्या पातळीजवळ ठेवा. गाडीच्या टपावरच्या अँटेनासाठीच केबल असेल, तर वर न्या. वाकवताना दिलेल्या किमान त्रिज्येच्या आत जाऊ नका, कारण एकदा मुरडलेली केबल सरळ केली तरी आतून सुधारत नाही. आवरण कमी धूर करणारं आणि हॅलोजनविरहित हवं. प्लास्टिकच्या पकडींच्या मधे ठरावीक अंतरावर धातूची, आगीत टिकणारी पकड हवीच. नाहीतर आगीत प्लास्टिक वितळतं आणि पळणाऱ्या माणसांच्या व अग्निशामकांच्या वाटेत केबल लोंबकळते.

८. गेन पूर्ण वाढवला की रिपीटर बंद पडतो किंवा अलार्म देतो. यंत्र खराब आहे का?

बहुधा नाही. गेन म्हणजे रिपीटर सिग्नल किती डीबी वाढवतो ते. सभागृहात माइक स्पीकरसमोर आला की शिट्टी वाजते, तसंच इथे होतं आहे. आतल्या अँटेनाचा सिग्नल फिरून डोनर अँटेनात शिरतो, पुन्हा वाढतो, पुन्हा शिरतो. हे टाळण्यासाठी दोन्ही बाजूंमधला अडसर, ज्याला आपण आयसोलेशन म्हणतो, तो गेनपेक्षा १५ ते २० डीबी जास्त हवा. ७० डीबी गेन हवा असेल, तर आयसोलेशन किमान ८५.

ते मोजायला रिपीटर बाजूला काढा. आतल्या बाजूच्या केबलला सिग्नल जनरेटर लावा, डोनर बाजूला स्पेक्ट्रम अॅनालायझर, आणि किती डीबी गळून पोहोचतंय ते सगळ्या वापरातल्या फ्रिक्वेन्सींवर बघा. आयसोलेशन कमी निघालं, तर डोनर अँटेना उंच करा, तिची पाठ स्थानकाच्या प्रवेशद्वाराकडे येईल अशी वळवा, मधे जिन्याची खोली किंवा पाण्याची टाकी येईल अशी जागा शोधा. नेहमी विसरलं जाणारं एक ठिकाण आहे: बोगद्याच्या तोंडापर्यंत आलेली लीकी केबल. आत सगळं मोजून ठीक असतं आणि शेवटचे वीस मीटर उघड्यावर डोनर अँटेनाच्या समोर येतात. तिथे लीकी केबल तोंडाच्या आतच संपवून तिच्या टोकाला योग्य टर्मिनेशन, म्हणजे उरलेला सिग्नल शोषून घेणारा भार, लावा.

नव्या रिपीटरमध्ये स्वयंचलित गेन-नियंत्रण असतं आणि ते शिट्टी दाबतं. त्याच्या भरवशावर राहू नका. ते गेन कमी करतं म्हणजे तुमचा आराखड्यातला सिग्नल तेवढाच कमी होतो.

९. रिपीटर सुरू केल्यापासून वरच्या, उघड्यावरच्या गाड्यांचा आवाज खरखरतो. बोगद्यातल्या यंत्राचा त्यांच्याशी काय संबंध?

या पानावरचं हे सगळ्यात महत्त्वाचं उत्तर आहे, म्हणून सावकाश सांगतो.

कोणी बोलत नसलं तरी रिपीटरचा अपलिंक गप्प नसतो. प्रत्येक यंत्रात उष्णतेमुळे येणारा गोंगाट असतो. तो दर हर्ट्झला उणे १७४ डीबीएम, आणि २५ किलोहर्ट्झच्या चॅनेलात सुमारे उणे १३० डीबीएम भरतो. यंत्राचा स्वतःचा गोंगाट ५ डीबी धरला, तर बेस स्टेशन उणे १२५ च्या खालचं काही ऐकू शकत नाही. रिपीटरचा गोंगाटही तेवढाच, पण तो गेनने वाढून डोनर अँटेनातून बाहेर पडतो आणि वाटेतला तोटा सोसून बेस स्टेशनवर पोहोचतो.

आता अपलिंक गेन आणि वाटेतला तोटा सारखे असतील, तर रिपीटरचा गोंगाट बेस स्टेशनच्या स्वतःच्या गोंगाटाइतकाच होऊन तिथे उतरतो. एकूण गोंगाट दुप्पट झाला, ३ डीबी गेले. लांबवरच्या प्रत्येक गाडीची ताकद अर्धी केल्यासारखं झालं. गेन तोट्यापेक्षा १० डीबी कमी ठेवला, तर नुकसान फक्त ०.४ डीबी. पण त्याच बेस स्टेशनवर असे दहा रिपीटर असतील, तर त्या दहांची बेरीज पुन्हा ३ डीबीवर येते. म्हणून एकेक स्थानक वेगळं मंजूर करण्याची पद्धत फसवी आहे. सगळ्या मार्गिकेचा अपलिंक गोंगाट एका कागदावर मांडला पाहिजे. कोणी बोलत नसताना अपलिंक मिटवून ठेवणारे रिपीटर मिळतात, आणि अनेक स्थानकं एकाच बेस स्टेशनवर असतील तर ते उपयोगी पडतात.

१०. बोगद्यात कंट्रोल रूमचं स्पष्ट ऐकू येतं, पण आमचं त्यांना ऐकू जात नाही. का?

कारण बेस स्टेशनची ताकद मोठी आणि हातातल्या संचाची जेमतेम १ वॅट किंवा थोडी जास्त. बसवताना लोक हँडसेटच्या पडद्यावरच्या रेघा बघतात, आणि त्या फक्त डाउनलिंक दाखवतात. दोन्ही दिशांचा हिशेब वेगळा मांडा, आणि मोजताना एक माणूस कंट्रोल रूममध्ये बसवून उलट बाजूचं ऐकायला लावा. जो सिग्नल अडकलेल्या माणसाकडून निघतो तो अपलिंकचा असतो.

अचानक सुरू झालेली तक्रार असेल, तर आधी डोनर बाजूचा जंपर (जोडणारी आखूड केबल) आणि अपलिंकचा अॅम्प्लिफायर तपासा. अपलिंकचा गेन प्रश्न ९ च्या भीतीने कोणी कमी करून ठेवला नाही ना, तेही बघा.

११. चॅनेल-निवडक रिपीटर घ्यावा की ब्रॉडबँड?

चॅनेल-निवडक यंत्र फक्त सांगितलेल्या चॅनेलना वाढवतं, शेजाऱ्याचा सिग्नल उचलत नाही, आणि एका चॅनेलला पूर्ण ताकद देता येते. पण अरुंद फिल्टरमुळे सिग्नलला उशीर होतो, आणि तो उशीर प्रश्न १७ मध्ये अंगाशी येतो. ब्रॉडबँड यंत्रात उशीर कमी, पण पट्ट्यात जे काही आहे ते सगळं वाढतं आणि एकूण ताकद वाटली जाते. चार चॅनेल एकदम चालू असतील, तर प्रत्येकाच्या वाट्याला ६ डीबी कमी येतात. शहरात आजूबाजूला इतर सेवा असतील तर चॅनेल-निवडक. नेटवर्क चॅनेल वारंवार बदलत असेल तर ब्रॉडबँड, सोबत चांगले फिल्टर.

१२. फायबरवरची यंत्रणा घेतली की या सगळ्या कटकटी जातात का?

काही जातात, काही नवीन येतात. बेस स्टेशनजवळ एक मुख्य युनिट आणि प्रत्येक स्थानकात रिमोट, मधे फायबर, अशी रचना असली की डोनर अँटेना नकोच, आणि प्रश्न ८ मधली शिट्टीही नाही. मोठ्या भुयारी मार्गिकेसाठी मी हीच रचना सुचवतो. अपलिंक गोंगाटाची बेरीज मात्र इथेही होते.

जपायच्या गोष्टी अशा. अॅनालॉग फायबर यंत्रणेत प्रकाशाचा १ डीबी तोटा रेडिओच्या बाजूला २ डीबी होऊन दिसतो, म्हणून मळकं कनेक्टर इथे दुप्पट महाग पडतं. हिरव्या टोकाचे, तिरपे घासलेले कनेक्टर निळ्या सपाट टोकांना जोडू नका. बसतात, पण टोकं खराब होतात आणि परावर्तनाने गोंगाट वाढतो. फायबरमध्ये दर किलोमीटरला सुमारे ५ मायक्रोसेकंद उशीर होतो, तो हिशेबात धरा. आणि सुटलेल्या फायबरच्या टोकात कधीही डोळा घालून पाहू नका. तो प्रकाश दिसत नाही, पण इजा करतो.

१३. अर्थिंग कुठे जोडायचं? रुळांजवळची लोखंडी चौकट चालेल का?

ट्रॅक्शन विभागाच्या, म्हणजे गाड्यांची वीज सांभाळणाऱ्यांच्या, लेखी परवानगीशिवाय मुळीच नाही. रुळांतून गाड्यांचा परतीचा प्रवाह वाहत असतो. डीसी मार्गावर तो चुकीच्या अर्थिंगमधून भरकटला, तर तुमची केबल आणि आसपासचं लोखंड गंजवून टाकतो. २५ किलोव्होल्ट एसी मार्गावर समांतर धावणाऱ्या लांब केबलच्या आवरणात धोकादायक व्होल्टेज उपजू शकतं. म्हणून लीकी केबलचं आवरण कुठे जोडायचं, कुठे तोडायचं आणि डीसी ब्लॉक (रेडिओ सिग्नल जाऊ देणारा, डीसी प्रवाह अडवणारा भाग) कुठे घालायचा, हे ट्रॅक्शनवाल्यांसोबत बसून एकाच आराखड्यात ठरवा. छतावरच्या डोनर केबलला इमारतीत शिरतानाच अर्थिंग किट आणि सर्ज अरेस्टर लावा, आणि त्यांची तार शक्य तितकी आखूड व सरळ ठेवा. विजेला वळण चालत नाही.

१४. बॅटरी किती तासांची ठेवावी?

तुमच्या देशाच्या अग्निसुरक्षा नियमांत जे असेल ते किमान समजा. अमेरिकेत आपत्कालीन रेडिओ यंत्रणेसाठी १२ तास, आणि जुन्या नियमांत २४ तास अशी अपेक्षा दिसते. तासांपेक्षा मला बॅटरीच्या खोलीची काळजी जास्त असते. लेड-अॅसिड बॅटरीचं आयुष्य तापमान दर १० अंशांनी वाढलं की साधारण निम्म्यावर येतं, आणि भुयारातल्या बंद कपाटांत ऊब साचते. व्होल्टेज बघून बॅटरी चांगली ठरवू नका. मुख्य वीज काढा आणि खऱ्या भारावर चालवून वेळ मोजा.

१५. देखभालीत काय, किती वेळाने करायचं?

रोज दूरनिरीक्षणात गेन, तापमान, आउटपुट आणि अलार्म बघायचे. दर महिन्याला प्रत्येक स्थानकात हँडसेट घेऊन ठरलेल्या वाटेने चालत दोन्ही बाजूंनी बोलायचं. वर्षातून एकदा रात्रीच्या ब्लॉकमध्ये, म्हणजे गाड्या बंद असताना, केबल आणि अँटेनाचं परावर्तन (किती सिग्नल उलटा परततो ते) मोजायचं, बोगदा गाडीतून पूर्ण नोंदवायचा, कनेक्टर उघडून बघायचे, अर्थिंगचा रोध मोजायचा, आणि बॅटरीची खरी चाचणी घ्यायची.

या सगळ्याचा पाया म्हणजे यंत्रणा सुरू केली त्या दिवशीची नोंद. प्रत्येक केबलचा परावर्तनाचा आलेख, प्रत्येक फाट्यावरची ताकद, फलाटाच्या प्रत्येक खांबापाशी मोजलेला सिग्नल. ही फाइल नसेल, तर पाच वर्षांनी आलेला उणे ८८ हा आकडा चांगला की वाईट हे कोणीच सांगू शकत नाही. नव्याने एखादं स्थानक माझ्याकडे आलं की मी यंत्राआधी ती फाइल मागतो.

कनेक्टर घट्ट करताना हाताच्या अंदाजावर जाऊ नका, टॉर्क पाना वापरा. ७/१६ डिन कनेक्टरला २५ ते ३० न्यूटन-मीटर लागतात. पान्याने आवळायच्या ४.३-१० ला सुमारे ५ पुरतात. जास्त आवळलेला कनेक्टरही सैल कनेक्टरइतकाच वाईट.

१६. दूरनिरीक्षणात सगळे दिवे हिरवे आहेत, तरी फलाटाच्या एका टोकाला रेडिओ मृत आहे. हे कसं शक्य?

रिपीटर स्वतःपुरतं बघतो. आउटपुट बाहेर पडलं, परावर्तन मर्यादेत आहे, एवढं त्याला पुरतं. पण स्प्लिटरच्या पलीकडे एखादी केबल तुटली, तर तिथून परत येणारं परावर्तन स्प्लिटर आणि केबलच्या तोट्यात विरून जातं, आणि यंत्राला सगळं छान दिसतं. एका स्थानकात छताचं काम करणाऱ्यांनी खोट्या छतावरची अँटेना उचलून बाजूला ठेवली होती, तोंड खाली करून. केबल जोडलेलीच होती. अलार्म कुठलाच नव्हता. महिन्याच्या चालत्या तपासणीत ती सापडली, नाहीतर कधी सापडली असती कोण जाणे.

उपाय दोन आहेत. महत्त्वाच्या फाट्यांच्या टोकाला छोटा निरीक्षण-रिसीव्हर बसवून तिथे पोहोचलेली ताकद कंट्रोल रूमला पाठवणं. आणि चालत जाऊन बोलणं, ज्याची जागा कोणतंच उपकरण घेऊ शकलेलं नाही.

१७. गाडी बोगद्यातून बाहेर पडते त्या जागी नेमका आवाज तुटतो. दोन्ही बाजूंचा सिग्नल तर भरपूर आहे.

भरपूर आहे म्हणूनच. तोंडाशी एकाच बेस स्टेशनचं बोलणं दोन वाटांनी येतं, एक थेट आणि दुसरं रिपीटरमधून उशिरा. दोन्ही जवळपास सारख्या ताकदीचे असले की एकमेकांना खोडतात. जीएसएम-आरसारख्या (रेल्वेसाठीच्या मोबाइल रेडिओ) यंत्रणेत साधारण १६ मायक्रोसेकंदांपर्यंतचा फरक रिसीव्हर सांभाळून घेतो, त्यापुढचा हस्तक्षेप होतो. टेट्रा या डिजिटल गट-रेडिओ यंत्रणेत एक चिन्ह (सिम्बॉल) ५५.६ मायक्रोसेकंदांचं असतं, आणि फरक त्याच्या चौथ्या हिश्श्यापलीकडे गेला की त्रास सुरू होतो. चॅनेल-निवडक रिपीटर एकटाच याहून जास्त उशीर करू शकतो.

म्हणून तोंडाशी एकच सिग्नल वरचढ राहील असं करा. आतली केबल तोंडाच्या थोडी आत संपवा, किंवा तोंडावरची अँटेना आत रोखा. आत वेगळं बेस स्टेशन असेल, तर त्रास हस्तांतरणाचा, म्हणजे संचाने एका बेस स्टेशनवरून दुसऱ्यावर जाण्याचा आहे. तिथे दोन्ही सिग्नल पुरेसे असलेला पट्टा लांब लागतो. ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २२ मीटर. संचाला बदलायला १० सेकंद द्यायचे, तर २२० मीटरचा सामाईक पट्टा हवा.

१८. आमच्या केबलवर मोबाइल कंपन्यांची उपकरणं जोडल्यापासून अपलिंकमध्ये विचित्र सिग्नल दिसतात. रिपीटर बदलावा का?

थांबा. आधी गंजलेले, सैल किंवा मळके जोड शोधा. दोन जोरदार सिग्नल असल्या जोडातून गेले की तिसरे, पाचवे असे नकोसे सिग्नल तयार होतात, आणि याला पीआयएम म्हणतात. आकड्यांत सांगतो: डाउनलिंकला ३९०.२ आणि ३९४.८ मेगाहर्ट्झ चालू आहेत. ३ × ३९०.२ उणे २ × ३९४.८ म्हणजे ३८१.०, आणि ३८० ते ३८५ हा तर त्याच टेट्रा यंत्रणेचा अपलिंक. आपलंच बोलणं आपल्याच कानात. केबलवर आणखी पट्टे आले की अशा जोड्या भराभर वाढतात.

तपासायला दोन वाहक (कॅरिअर) सिग्नल, प्रत्येकी २० वॅटचे, सोडून पीआयएम मोजतात. चांगल्या जोडासाठी उणे १५० डीबीसी (वाहक सिग्नलच्या तुलनेतलं माप), म्हणजे उणे १०७ डीबीएम, ही नेहमीची अपेक्षा. मोजताना केबल आणि कनेक्टरवर हलकेच टकटक करा. आकडा उडी मारेल तो जोड उघडा. दोष कधी केबलबाहेरही सापडतो: अँटेनासमोरची गंजलेली जाळी, खोट्या छताची सैल पट्टी.

१९. फलाटावर चालतो तो हँडसेट डब्यात का चालत नाही? आणि बसचं काय?

नव्या डब्यांच्या काचांवर उष्णता अडवणारा धातूचा पातळ थर असतो, आणि तो २० ते ३० डीबी खातो. प्रश्न ६ मधला १५ डीबीचा हिशेब जुन्या डब्यांसाठी ठीक आहे, नव्या गाड्या येणार असतील तर पुन्हा मांडा. चालकाचा संच टपावरच्या अँटेनावर चालतो, त्याला याची झळ नाही. डब्यात उतरणाऱ्या पोलीस आणि अग्निशामकांना मात्र आहे.

बसमध्ये बहुतेक तक्रारी टपावरच्या अँटेनाच्या बुडाशी संपतात. ४०० मेगाहर्ट्झची पाव-लहरी अँटेना जेमतेम १९ सेंटिमीटरची, आणि तिला खाली धातूचं टप चांगलं जोडलेलं लागतं. पाणी शिरून तो जोड गंजला की बस डेपोत चालते आणि मार्गावर गप्प होते. भुयारी बस-थांब्यांना मात्र स्थानकांचेच नियम लागू होतात.

२०. रिपीटरला कोणी हात लावला नाही. तरी अग्निशमन दलाचे रेडिओ एका दिवसात बंद झाले. असं होतं का?

होतं. नेटवर्कवाल्यांनी चॅनेल बदलले, जवळचं बेस स्टेशन हलवलं, संचांचं प्रोग्रॅमिंग किंवा एन्क्रिप्शन बदललं, डोनर अँटेनासमोर इमारत उभी राहिली, यांतलं काहीही पुरतं.

१२ जानेवारी २०१५ रोजी वॉशिंग्टनच्या मेट्रोत लाँफाँ प्लाझा स्थानकाजवळ बोगद्यात धूर भरला आणि एका प्रवासी महिलेचा जीव गेला. खाली उतरलेल्या अग्निशामकांचे रेडिओ नीट चालत नव्हते. त्या स्थानकातली रेडिओची अडचण काही दिवस आधीच्या तपासणीतच दिसली होती. दोष सापडणं आणि दुरुस्त होणं यांच्या मधल्या दिवसांत आग थांबून राहत नाही.

म्हणून तुमच्या यंत्रणेवर बोलणाऱ्या प्रत्येक दलाशी लेखी ठरवून घ्या की नेटवर्कमध्ये कुठलाही बदल करण्यापूर्वी ते तुम्हाला कळवतील. बदलानंतर त्याच आठवड्यात त्यांचेच संच, त्यांच्याच माणसांच्या हातात देऊन, प्रत्येक स्थानकात फलाटाच्या दोन्ही टोकांना आणि बोगद्याच्या मध्यावर चाचणी घ्या. जिथे बोलणं पोहोचलं नाही ती जागा दुरुस्त होईपर्यंत कंट्रोल रूमच्या फळ्यावर लिहून ठेवा, आणि तिथे निरोप कोण, कोणत्या वाटेने पोहोचवणार हे त्याच ओळीत लिहा.